२०० शेअर देण्याआधी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

अण्णाकाका मागतायत ते २०० शेअर देऊ नका. आपल्या वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्याचे एकूण शेअर १०,०००, त्यात बाबांच्या नावावर २,६००, म्हणजे २६ टक्के. २०० गेले की उरतात २४, आणि खरी गोम त्या दोन टक्क्यांतच आहे. नियमावली बदलायची किंवा बाहेरच्या कुणाला नवे शेअर द्यायचे तर विशेष ठराव लागतो. त्यात बाजूची मतं विरोधी मतांच्या निदान तिप्पट हवीत. २६ विरोधात गेले तर ७४ तिप्पट भरत नाहीत. २४ समोर ७६ आरामात भरतात.

साधा ठराव मात्र निम्म्याहून जास्त मतांवर होतो. संचालक नेमणं-काढणं काकांच्या हातात आहे, तिथे आपलं काही चालणार नाही. लाभांशही संचालक मंडळ सुचवेल तेवढाच. सभेला तो वाढवता येत नाही. तेव्हा दरवर्षी नफ्याचा २६ टक्के हिस्सा हातात पडेल असं धरू नका.

बाबा, सभेला जाच. मोजतात ती दिलेली मतं. घरी बसलात तर तुमचे २६ टक्के असून नसल्यासारखे. हात वर करून मतदान झालं तर सोसायटीसारखं माणशी एकच मत. काका, काकू आणि दोन्ही दादा मिळून चार हात, तुमचा एक. झाले तिप्पट! म्हणून निकाल जाहीर होताक्षणी ‘पोल’ मागायचा, म्हणजे शेअरांप्रमाणे मतं मोजतात. १० टक्के मतं असलेल्याला कायद्यानं तो मागता येतो. पण खासगी कंपनीच्या नियमावलीत वेगळं कलम असू शकतं, ती आधी वाचून घ्या. आईला प्रॉक्सी म्हणून, म्हणजे तुमच्या वतीनं मत द्यायला, पाठवणार असाल तर फॉर्म ४८ तास आधी कंपनीत पोचवा. प्रॉक्सीला हात वर करता येत नाही, मत फक्त पोलमध्ये.

राइट्स इश्यू, म्हणजे आहेत त्याच भागधारकांना हिश्श्याप्रमाणे नवे शेअर देऊ करणं, २६ टक्क्यांनी अडत नाही. ५,००० नवे शेअर काढले तर १,३०० तुम्हाला देऊ करावे लागतील. मुदतीत पैसे भरले नाहीत आणि ते दुसऱ्यांनी घेतले, तर १५,००० मध्ये आपले २,६००, म्हणजे १७.३३ टक्के. तसं पत्र आलं तर त्याच दिवशी फोटो पाठवा. आणि हस्तांतराच्या कोऱ्या एसएच-४ फॉर्मवर सही करायची नाही, काका कितीही घाईत असोत.

पावसाआधी छपराला पैसे हवेत ना? मग डीमॅटमधले बँकेचे शेअर विका. तिथे आपल्या मतानं काही अडत नाही.

तुमची,
ताई