आकडा बरोबर होता, खडक सहाशे मीटर दूर

महोदय,

समुद्रात एखादी बोट अडकली की बातमीत तिचे स्थान छापले जाते. अक्षांश अमुक, रेखांश तमुक. मधले टिंब दशांशाचे की मिनिटे आणि सेकंद वेगळे करणारे, हे कळायला मार्ग नसतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. अशाच एका टिंबापायी आमची बोट खडकावर आदळता आदळता वाचली, म्हणून हे पत्र.

मी आणि माझी धाकटी बहीण साडेआठ मीटरची शिडाची बोट चालवतो. आमच्या नेहमीच्या वाटेवर एक खडक आहे, तो फक्त मोठ्या ओहोटीला उघडा पडतो. एकदा तो उघडा दिसला तेव्हा त्याच्या शेजारून जाताना मी प्लॉटरवरचे (नकाशावर बोटीची जागा दाखवणाऱ्या पडद्यावरचे) स्थान वहीत टिपले. अक्षांशाची मिनिटे होती ४२.५०४. शेवटच्या आकड्याने जेमतेम सात मीटरांचा फरक पडतो, म्हणून तो गाळून मी ४२.५० एवढेच लिहिले. पुढच्या हंगामात बहिणीने ते आपल्या हातातल्या जीपीएसमध्ये भरले. तिचे यंत्र अंश-मिनिटे-सेकंद या पद्धतीवर होते, त्यामुळे तिने भरली ४२ मिनिटे ५० सेकंद.

अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. ५० सेकंद म्हणजे मिनिटाचे पाच षष्ठांश, आणि मी लिहिले होते अर्धे मिनिट. पडद्यावरचा खडक सहाशे मीटरांहून जास्त सरकला. भरतीचे पाणी चढलेले, पडद्यावर पुढे सगळे मोकळे, आणि बहीण सुकाणूवरून ओरडली, ‘ताई, समोर फेस दिसतोय!’ आम्ही बोट वळवली तेव्हा तो फेस उजव्या हाताला, दोन बोटींच्या लांबीवर होता. तिथे पाणी फक्त एका जागी फुटत होते, बाकी चहूकडे शांत.

बहिणीचा यात काही दोष नाही. टिंबानंतर ७५ असते तर तिला लगेच शंका आली असती, कारण सेकंद ५९ च्या पुढे जात नाहीत. ५० वर कोण शंका घेणार? मी तो ४ ठेवला असता तरी भागले असते. तीन आकडी सेकंद असूच शकत नाहीत.

तेव्हापासून मी वहीतला प्रत्येक आकडा तपासू लागले. खोलीचेच बघा. आमचा खोली मोजणारा सेन्सर पाण्याच्या पातळीखाली ४० सेंटीमीटरवर आहे आणि कील, म्हणजे बोटीच्या तळाची खाली उतरलेली पाती, पातळीपासून दीड मीटर खाली जाते. एकाच जागी, एकाच क्षणी सेन्सरपासून मोजले तर ३.० मीटर, पृष्ठभागापासून ३.४ आणि कीलखाली १.९. तिन्ही खरे. आमच्या जुन्या पानांवर नुसतेच ‘खोली ३’ आहे, भरती-ओहोटीची वेळही नाही. त्या नोंदी आता कुणाच्याही उपयोगाच्या नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. दिशेचेही तेच: होकायंत्राची की खऱ्या उत्तरेपासूनची, हे लिहिले नाही तर पाच वर्षांनी आपल्यालाच सांगता येत नाही.

वेळेचा घोळ वेगळा. जीपीएसकडून येणाऱ्या ओळींत यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, वहीत आपण मनगटावरची लिहितो. शिवाय जीपीएसची तारीख आठवडे मोजून ठरते, आणि ६ एप्रिल २०१९ ला तो मोजणीअंक १०२४ आठवडे पूर्ण करून पुन्हा शून्यावर आला. आमच्या एका जुन्या यंत्राच्या तारखा तेव्हापासून सुमारे वीस वर्षे मागच्या पडतात. त्या फायली तारखेने लावल्या की या वर्षीची सफर यादीच्या तळाशी जाते.

साठवण्याबद्दल थोडेच सांगते. प्लॉटरची स्मृती भरली की आमच्याकडे जुना माग आपोआप पुसला जातो, म्हणून प्रत्येक सफरीनंतर तो जीपीएक्स (जीपीएसचा माग साठवायच्या) फाइलमध्ये काढून किनाऱ्यावरच्या संगणकात ठेवतो. बोटीवरची यंत्रे एकमेकांना ज्या एनएमईए ०१८३ पद्धतीने माहिती पाठवतात, त्या मूळ ओळीही ठेवतो. त्या साध्या मजकुरात असतात, कुठल्याही संगणकावर उघडतात, आणि वारा-खोलीही त्यांतच सापडते; आमच्या जीपीएक्समध्ये फक्त स्थान आणि वेळ उरते. दर तासाची नोंद मात्र वहीतच, शिसपेन्सिलीने. भिजलेल्या पानावर शाई पसरते, शिसे टिकते.

आपल्याला विनंती एवढीच, की बातमीत स्थान छापताना अंश, मिनिटे, सेकंद हे शब्द पूर्ण लिहावेत आणि मिळालेल्या आकड्यातला दशांश गाळू नये. लहान बोटी चालवणाऱ्या वाचकांनीही आपल्या वहीचे पहिले पान उघडून पाहावे. आमच्या पहिल्या पानावर आता बहिणीच्या अक्षरात लिहिले आहे: ‘स्थान अंश आणि दशांश मिनिटे, तीन आकडे. वेळ यूटीसी. खोली पृष्ठभागापासून. दिशा होकायंत्राची.’

आपली,
शिडाची बोट चालवणारी एक वाचक