जुनी इंग्लिश सायकल ‘नवीकोरी’ करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत अडगळीतली जुनी सायकल नवी कशी करावी, यावर लेख आला आहे. सांगाडा सँडब्लास्ट करून, म्हणजे वाळूच्या माऱ्याने खरवडून आणा, आवडत्या रंगाचं पावडर कोटिंग करा, बाकी सगळ्याला क्रोम मारा, चामड्याची सीट टाकून फोमची बसवा, असा एकंदर सल्ला. सोबत ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो. ‘आधी’च्या फोटोत सायकलीच्या पुढच्या चिमट्याला दोन्ही बाजूंना जोडनळ्या दिसतात. हा चिमटा म्हणजे हंबर या इंग्लिश कंपनीच्या सायकलीची ओळख. ‘नंतर’च्या फोटोत ती हंबर पिस्ता रंगाची झाली असून कॅरियरवर फुलांची कुंडी ठेवली आहे.

मी चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होतो. निवृत्तीनंतर इंग्लिश सायकली उघडणं आणि जोडणं हाच माझा उद्योग. घरच्यांच्या मते तो उद्योग नसून उपद्व्याप आहे, पण ते असो. लेखातला सल्ला कुणी मनावर घेण्याआधी चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हे पत्र.

आधी रंगाचं बोलतो. या सायकलींचा काळा रंग आजच्या साध्या स्प्रेपेंटसारखा नाही. पोलादावर काळं इनॅमल, अनेकदा त्याखाली गंज रोखणारा फॉस्फेटचा थर, आणि ते भट्टीत भाजून पक्कं केलेलं. मडगार्डवर आणि नळ्यांवर सोनेरी रेघा असतात. चांगल्या सायकलीवर त्या हाताने, लांब केसांच्या ब्रशने ओढलेल्या असत. बारकाईने पाहिलं तर रेघ कुठे केसभर जाड होते, कुठे संपताना किंचित वळते. कंपनीचं नाव आणि चिन्ह म्हणजे वॉर्निशखाली चिकटवलेली पातळ चित्रं. सँडब्लास्टिंगच्या खोलीत हे सगळं काही मिनिटांत उडून जातं. वर जाड पावडर बसली की नळ्यांच्या सांध्यांवरच्या लगची, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या खोबणीची, कानसलेली धार बुजते आणि सीटखाली ठोकलेला फ्रेमचा नंबरही भरून जातो. सायकल कधीची, हे सांगणारा एक मोठा पुरावा गेला.

दुसरा पुरावा मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर असतो. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीचीच एक शाखा स्टर्मी-आर्चर. त्यांचा तीन वेगांचा गिअर १९०२-०३च्या सुमारास बाजारात आला आणि १९३६ साली ‘एडब्ल्यू’ नावाचा हब निघाला. आपल्याकडच्या इंग्लिश सायकलीत गिअरचा हब सापडला तर तो बहुधा हाच. त्याच्या कवचावर वर्ष आणि पुढे पुढे महिनाही ठोकलेला असतो. फडक्याने मळ पुसला की ‘५३’ आणि त्याखाली ‘८’ दिसतं, म्हणजे ऑगस्ट १९५३. क्रोम करणारा आधी बफ मारतो, आणि बफमध्ये पहिले हे आकडे जातात. हब कधी बदललेलाही असतो, म्हणून फ्रेमचा नंबर आणि हबची तारीख दोन्ही जुळवून पाहायची. लेखातल्या पद्धतीने दोन्ही गेले.

त्या हबविषयी थोडं अधिक लिहितो, कारण टूलरूमच्या माणसाला त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटतात. आत मधोमध वीस दात्यांचं स्थिर चाक, त्याभोवती फिरणारी वीस-वीस दात्यांची चार पिनियनं, म्हणजे छोटी दातेरी चाकं, आणि बाहेर साठ दात्यांचं कडं. एवढ्या तीन आकड्यांवर सगळा हिशेब चालतो. मधला गिअर सरळ, वरचा एकतृतीयांश जलद, खालचा एकचतुर्थांश हळू. हे सारं मुठीएवढ्या कवचात, पावसापाण्यापासून झाकलेलं. साठ-सत्तर वर्षांनी असा हब उघडतो तेव्हा बहुतेक वेळा आत काळं घट्ट झालेलं तेल असतं आणि दाते शाबूत असतात. रॉकेलने धुतला, पातळ तेल घातलं की पुन्हा टिकटिक सुरू. त्यात ग्रीस कोंबू नये. ग्रीसने चाकाला पकडणाऱ्या आतल्या बारीक खुट्ट्या चिकटून बसतात, मग पायडल रिकामं फिरतं आणि लोक म्हणतात, गिअर गेला. कवचावर तेल घालायला छोटी टोपी दिलेली आहे, ती त्यासाठीच.

केबल लावायची खूणही साधी आहे. गिअर मधल्या जागी ठेवायचा आणि उजव्या बाजूच्या लांबट नटच्या खिडकीतून आत बघायचं. गिअरच्या केबलच्या टोकाची जी बारीक साखळी असते, तिला जोडलेल्या सळीचा खांदा ॲक्सलच्या टोकाशी सपाट यायला हवा. आत गेला किंवा बाहेर राहिला तर दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये गिअर सुटतो आणि उभं राहून पायडल मारणारा दांडीवर आपटतो. त्याचं वर्णन इथे नको.

आता आट्यांचं. यावर मला राग येतो, म्हणून सांभाळून लिहितो. इंग्लिश सायकलीच्या बॉटम ब्रॅकेटचे, म्हणजे पायडलचा ॲक्सल फिरतो त्या खालच्या नळीतल्या कपांचे आटे सर्वसाधारणपणे इंचाला चोवीस. रॅलेने मात्र आपल्या सायकलींना वर्षानुवर्षं सव्वीस आट्यांचं माप ठेवलं, हँडलच्या खालच्या कपांनासुद्धा. हंबर कंपनी १९३२ साली रॅलेकडे गेली, रज कंपनी १९४३ साली, बीएसए कंपनीच्या सायकली १९५७ साली. त्यामुळे नाव वेगळं असलं तरी नॉटिंगहॅमहून निघालेल्या सायकलीत सव्वीस आटे निघण्याची शक्यता धरून चालावं. अशा सांगाड्यात चोवीस आट्यांचा कप पान्याला पाइप लावून जबरदस्तीने बसवलेला मी पाहिला आहे. कप दोन फेरे जातो, तिसऱ्याला अडतो, चौथ्याला आत जातो आणि जाताना सांगाड्याचे आटे घेऊन जातो. ज्या दुकानाने ते काम केलं त्याचं नाव लिहीत नाही. आटे मोजायचं थ्रेड गेज स्वस्तात मिळतं. ते लावून पाहिल्याशिवाय कपाला हात लावू नये.

जुना कप चांगला असेल तर तो बदलायचंच कशाला? नवे छर्रे आणि नवं ग्रीस घाला, ॲक्सलवरचे कोन, म्हणजे छर्रे फिरतात ते उतरते भाग, तपासा. छर्रे मात्र जुने-नवे मिसळू नका.

क्रँक, म्हणजे पायडलची दांडी, ॲक्सलला पक्की करणाऱ्या कॉटर पिनचंही असंच. क्रँक निघत नाही म्हणून नट काढून आट्यांवर हातोडा मारतात, पिन वाकते, मग ड्रिल करावी लागते. आदल्या रात्री तेल सोडून ठेवावं, क्रँकखाली भोक पाडलेला सागाचा ठोकळा किंवा पाइपचा तुकडा ॲक्सलपासून जमिनीपर्यंत टेकवावा, नट टोकाशी सपाट राहील एवढा ठेवावा आणि एकच घाव नीट घालावा. खाली आधार नसेल तर घावाचा सगळा जोर छर्‍यांवर जातो. पुण्याच्या पेठांतल्या जुन्या सायकल मार्टांचे मिस्त्री हे काम बोलता बोलता करायचे. त्यांतले काही अजून आहेत. पुरवणीने कोटिंगवाल्यांऐवजी त्यांच्याकडे वार्ताहर पाठवला असता तर बरं झालं असतं.

क्रोमबद्दल एक तपशील. साधारण १९३०च्या आधीच्या सायकलींवर क्रोम नसायचंच, निकेल असायचं. निकेलची चमक किंचित पिवळसर आणि मऊ, क्रोमची निळसर आणि थंड. विशीच्या दशकातल्या सायकलीला क्रोम मारणं म्हणजे नऊवारीवर सेफ्टी पिनांची माळ घालणं. हँडलवर गंजाचे ठिपके असतील तर चुरगळलेली ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. ठिपके बरेच जातात, खालचा थर राहतो. पॉलिश पेपर लावू नका.

सीट फेकायला सांगणाऱ्याला तर मी माझ्या घरी चहालाही बोलावणार नाही. ब्रुक्स ही बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथविकची कंपनी, १८६६पासूनची. त्यांची जाड चामड्याची सीट बसणाऱ्याच्या शरीराप्रमाणे आकार घेते आणि वापरली तर दशकानुदशकं टिकते. वाळून कडक झाली असेल तर चामड्याचं मेण वरून पातळ लावा, आणि खालून थोडंसंच. एरंडेल किंवा इंजिन ऑइल ओतलं तर चामडं ढिलं पडून झोळी होते. नाकाखालचा ताणाचा बोल्ट एकदम दोन-चार आटे पिळू नका, अर्धा फेरा पुष्कळ झाला. आणि उन्हात वाळवू नका.

आपल्या भागातल्या सायकलींवर आणखी एक गोष्ट असते, जी इंग्लंडच्या संग्राहकांना मिळणार नाही. मागच्या मडगार्डवर विकणाऱ्या सायकल मार्टचं नाव आणि गाव असतं: कुठे सातारा, कुठे मिरज, कुठे दादर. नगरपालिकेचा कर भरल्याचा पत्र्याचा किंवा पितळेचा बिल्ला अनेकांना आठवत असेल. रात्री दिव्याशिवाय सापडलं की पोलीस चाकातली हवा सोडायचे, त्याच काळातला. काही सायकलींना तो बिल्ला अजून लटकलेला सापडतो. मडगार्डच्या टोकाला पांढरा पट्टा असेल तर तो इंग्लंडमधल्या महायुद्धकाळातल्या ब्लॅकआउटच्या नियमांतून आलेला. कोटिंगच्या भट्टीत जाण्याआधी कोटिंगवाला हे सगळं काढून एका डब्यात टाकतो, आणि तो डबा परत येत नाही.

हेही सांगितलं पाहिजे की आपल्याकडची प्रत्येक ‘रॅले’ नॉटिंगहॅमची नसते. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना निघाला, मद्रासला टीआय सायकल्सने हर्क्युलस बनवायला घेतली. पुढच्या नळीवरच्या बिल्ल्यावर कारखान्याचं गाव वाचलं की कळतं. पण ती देशी निघाली म्हणून कुणी नाक मुरडू नये. तिलाही हीच काळजी घ्या. काही जण ‘ओरिजिनल इंग्लंडची’ म्हणून भाव वाढवतात, त्यांच्यासाठी हे लिहिलं.

माझी मुलगी काही काळ डर्बीला होती, तेव्हा नॉटिंगहॅमला जाणं झालं. रॅलेच्या जागेवर विद्यापीठाचा ज्युबिली कॅम्पस उभा आहे. शहरातलं सायकलींचं उत्पादन २००२च्या सुमारास थांबलं आणि त्याच्या थोडं आधी, २००० साली स्टर्मी-आर्चर बंद पडून तैवानच्या कंपनीकडे गेली. एडब्ल्यूचे नवे हब आता तिथून येतात. तिकडे जुन्या सायकलींवर प्रेम करणाऱ्यांचा वेटरन-सायकल क्लब १९५५पासून आहे. तिकडच्या जाणत्या मंडळींना जुना रंग असलेली सायकल दिली तर ते तिला तेलकट फडक्याने पुसतात आणि थांबतात. रंग उडालेल्या जागी गंज वाढू नये म्हणून मेणाचा हात, बस्स. नव्या रंगाच्या सायकलीपुढे दोन मिनिटं थांबतात आणि जुन्या रंगाच्या सायकलीपुढे अर्धा तास. मला हे पटतं.

मग रंग कधीच मारू नये का? रंग पन्नास टक्के उडाला असेल, पत्रा चाळणी झाली असेल, चिमटा आधीच कुणी चांदीच्या ऑइलपेंटने माखला असेल, तर जे करायचं ते करा, त्यात माझी हरकत नाही. सांध्याला तडा असेल तर सायकल चालवूच नका, आधी वेल्डरऐवजी ब्रेझिंग, म्हणजे पितळेने सांधा जोडणं, जाणणारा माणूस शोधा. टायर, ट्यूब, साखळी, ब्रेकचे रबर, केबल ही झिजणारी माणसं, त्यांना निवृत्त करायलाच हवं. २८ × १½ चा टायर आपल्याकडे दूधवाल्यांच्या सायकलीमुळे तालुक्याच्या गावीही मिळतो, ही आपली चंगळच आहे. आरे गंजले असतील तर बदलताना मोजून घ्या: पुढे बत्तीस, मागे चाळीस. चाकाचा आउट काढणारा चांगला माणूस हाताशी ठेवा.

पावसाळा तोंडावर आहे म्हणून शेवटचं. सळ्यांच्या ब्रेकचं रबर लोखंडी रिमवर ओलं झालं की पहिले काही फेरे जवळपास पकडच नसते. कात्रजच्या घाटाच्या बाजूला किंवा चांदणी चौकाच्या उतारावर अशी सायकल घेऊन जाणार असाल तर ब्रेक थांबायच्या आधीच हलके लावत राहा, रिम पुसली जाते. आणि घरी आल्यावर रिम, साखळी आणि मडगार्डच्या आतली बाजू कोरड्या फडक्याने पुसून मगच जिन्याखाली लावा.

आपला,
एक निवृत्त फिटर, चिंचवड