कौतुक न करणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे लिहून ठेवते आहे. आणि उघडच लिहिते आहे, कारण मुलाला स्किझोफ्रेनिया हा मनाचा आजार असलेल्या आमच्यासारख्या घराला मदत करावीशी वाटणारी माणसं बरीच असतात, पण नेमकं काय करायचं ते त्यांना कळत नाही. तुम्ही काय केलंत ते त्यांनीही वाचावं. नाव कुणाचंच घालत नाही. मुलाची तीच अट होती.

घरात स्किझोफ्रेनियासारखा लांबणारा आजार असला की आईचं कौतुक करणाऱ्यांची वानवा नसते. 'तुम्हीच करू जाणे', 'दुसरी असती तर केव्हाच मोडून पडली असती'. यावर काय बोलणार? बोलणारा माणूस बोलून निघून जातो आणि आपण त्यागमूर्ती होऊन दार लावून घेतो. तुम्ही माझं असं कौतुक कधी केलं नाहीत. पहिल्याच भेटीत विचारलंत, "आठवड्यातले किती तास तुम्ही दोघं समोरासमोर असता?" झोपेचे सोडले तर जवळजवळ सगळेच, असं मी सांगितलं, जरा अभिमानानंच. तुम्ही ते लिहून घेतलंत आणि म्हणालात, "हे तास कमी करायचे आहेत. त्याच्या तब्येतीसाठी."

माझ्या तब्येतीसाठी म्हणाला असतात तर मी ऐकलं नसतं. आयांना स्वतःची काळजी घ्यायला सांगणं हा सगळ्यात वाया जाणारा सल्ला आहे, हे तुम्हाला आधीच ठाऊक असणार.

त्यामागचा हिशेब पुढच्या भेटीत कळला. १९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञांनी मनोरुग्णालयातून घरी सोडलेल्या पुरुषांचं पुढे काय होतं ते पाहिलं. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले पुरुष पुन्हा आजारी पडून जास्त प्रमाणात परत येत होते. भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेले त्या मानानं बरे राहत होते. हे वाचून कुणाही आईच्या पोटात गोळा येईल. पण ब्राऊन आणि त्यांचे सहकारी तिथे थांबले नाहीत. घरात नेमकं काय बोललं जातं ते त्यांनी मोजायला घेतलं: टीका किती, तिरस्कार किती, आणि जीव टाकणं किती. हो, तेही. सतत पाठीमागे असणं, त्याच्या वाट्याचं सगळं आपणच करून टाकणं, त्याच्या प्रत्येक हालचालीवर डोळा ठेवणं. पुढे १९७६ मध्ये क्रिस्टीन वॉन आणि ज्युलियन लेफ यांना दिसलं की अशा ताणाच्या घरातही ज्यांचा घरच्यांशी समोरासमोरचा सहवास आठवड्याला ३५ तासांपेक्षा कमी होता आणि ज्यांची औषधं नियमित चालू होती, त्यांचा आजार उलटण्याचं, म्हणजे पुन्हा उफाळण्याचं, प्रमाण बरंच कमी होतं.

म्हणजे मी घराबाहेर पडणं हाही उपचारांचाच भाग होता. गोळ्यांच्या वेळांसारखा तोही तुम्ही वहीत लिहून दिलात.

त्याच दिवशी मी तो प्रश्न विचारला होता, जो आयांच्या घशात अडकलेला असतो: "म्हणजे हे माझ्यामुळे झालं का?" तुम्ही दिलासा दिला नाहीत, इतिहास सांगितलात. फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मनोविश्लेषक बाईंनी १९४८ मध्ये स्किझोफ्रेनिया 'घडवणाऱ्या' आईची कल्पना मांडली आणि पुढची कित्येक वर्षं डॉक्टर आयांकडे संशयानं पाहत राहिले. संशोधनात ती कल्पना टिकली नाही. आजार कशानं होतो हा एक प्रश्न, आणि झालेला आजार कशानं उलटतो हा वेगळा. घरातल्या वातावरणाचा अभ्यास दुसऱ्या प्रश्नाचा आहे, असं तुम्ही म्हणालात. नातेवाइकांपैकी ज्यांनी 'लाडावून ठेवलंस' म्हणून ऐकवलं होतं त्यांना मी हे सांगायला गेले नाही. मला कळलं, तेवढं पुरे होतं.

मग अमृतसरच्या डॉ. विद्यासागरांची गोष्ट सांगितलीत. १९५० च्या दशकात त्यांनी मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून रुग्णांबरोबर त्यांच्या घरच्यांनाही राहायला बोलावलं. घरची माणसं आजार जवळून पाहायला शिकली, आणि घरी जाताना ते शिक्षण बरोबर घेऊन गेली. मला त्या गोष्टीत तंबू आवडले. घरच्यांना दाराबाहेरच्या बाकावर बसवून ठेवायची सवय नंतर कुणी लावली कोण जाणे.

बाकावरून आठवलं. आधीच्या एका ठिकाणी मला 'गोपनीयता' या शब्दावर परत पाठवलं जायचं. मुलगा सज्ञान आहे, काही सांगता येणार नाही. तुम्ही त्यातली वाट दाखवलीत: डॉक्टरांना सांगता येत नसेल, पण ऐकता तर येतं. तेव्हापासून दर फॉलोअपच्या वेळी मी मुलाला दाखवून एक चिठ्ठी आत पाठवते. त्यात माझी भीती, माझं रडगाणं काही नाही. झोप किती, खाणं कसं, पोट साफ होतंय का, गोळी चुकली का, नवीन काय दिसलं. पोटाचं विशेष, कारण तो स्किझोफ्रेनियावरच्या क्लोझापिन या औषधावर आहे. त्या औषधात रक्तातल्या पांढऱ्या पेशींची तपासणी नियमित करावी लागते हे सगळेच सांगतात, पण बद्धकोष्ठता अंगाशी येऊ शकते, अगदी जीवावरही बेतू शकते, हे मला तुमच्याकडून कळलं. आणि सिगारेटचं! धुरामुळे हे औषध शरीरातून लवकर निघून जातं. सिगारेट अचानक सोडली तर तेवढ्याच डोसमध्ये औषधाची रक्तातली पातळी चढते. मुलानं सिगारेट सोडायचं ठरवलं तेव्हा आम्ही आधी डॉक्टरांना सांगितलं, म्हणून डोस वेळेत बदलला गेला. व्यसन सोडण्याआधी डॉक्टरांना विचारायचं असतं, हे आनंदात असलेल्या आईला कोण सांगणार? तुम्ही सांगितलंत.

बोलण्याचंही शिकवलंत. त्याला आवाज ऐकू येतात तेव्हा वाद घालायचा नाही आणि हो ला हो पण करायचं नाही. "तुला ऐकू येतंय हे मला कळतंय. मला येत नाहीये. त्रास होतोय का फार?" एवढं बोलून थांबायचं. थांबणं अवघड असतं. सकाळचं उठणं हा त्याहून मोठा झगडा. दिवसभर पडून राहणं, आंघोळ टाळणं, कशातच रस नसणं ही आजाराची लक्षणं आहेत, हे पुस्तकात वाचून पटतं. दुपारी बारा वाजता पांघरुणाकडे बघताना पटत नाही. भासांवर घरचे सहसा चिडत नाहीत, चिडतात ते याच गोष्टींवर, असं तुम्ही म्हणालात तेव्हा आमच्या शुभंकरांच्या, म्हणजे घरच्या आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांच्या, गटातली सगळी माणसं एकदम हसली होती. उपाय साधा दिलात: एका वेळी एकच गोष्ट, एकाच वाक्यात, आणि मागचा हिशेब न काढता. "पाणी तापलंय. दहा मिनिटांनी आंघोळीला जा." पुढे काही नाही. 'रोज रोज सांगावं लागतं' नाही, 'तुझ्या वयाची मुलं बघ' तर नाहीच.

आता तासांबद्दल, कारण खरे आभार त्याचे आहेत.

तास कमी करा असं सांगणं सोपं. मधल्या वेळात त्याच्याजवळ कोण? पगारी माणूस परवडणं, मिळणं आणि टिकणं या तिन्ही गोष्टी एकत्र जमत नाहीत. तुम्ही आमच्या शुभंकरांच्या गटात विचारलंत की दुसऱ्याच्या घरच्या माणसाजवळ कोण बसू शकेल. गटात सगळेच आपापल्या ओझ्याखाली. हा प्रश्न मला तेव्हा जवळजवळ क्रूर वाटला. तरी हात वर झाले. ज्यांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं) आहे त्या बाई माझ्या मुलाजवळ बसायला तयार झाल्या आणि मी त्यांच्या मुलीजवळ. परक्याच्या माणसाजवळ बसणं सोपं जातं, हे तुम्हाला आधीच माहीत होतं. त्याच्या भूतकाळाचं ओझं आपल्यावर नसतं, त्याच्या भविष्याची चिंताही नसते. दोन तास बसायचं असतं, बस्स.

पण तुम्ही नुसती गाठ घालून दिली नाहीत. आधी प्रत्येक घराकडून एक पान लिहून घेतलंत. ते पान लिहिताना मला घाम फुटला होता. 'आजाराचं नाव' ही शेवटची ओळ ठेवलीत. पहिली ओळ: याला काय आवडतं. दुसरी: गप्पा कशावरून सुरू करायच्या. मग काय बोलायचं नाही, कोणता आवाज किंवा गर्दी सहन होत नाही, गोळ्या कधी आणि त्या कोण देणार (बसणाऱ्यानं द्यायच्या नाहीत, असं ठरलं), बिनसायला लागलं की आधी काय दिसतं, तेव्हा काय केल्यानं बरं वाटतं, आणि कुणाला फोन करायचा, क्रमानं. माझ्या मुलाच्या पानावर 'आधी काय दिसतं' याचं उत्तर त्यानं स्वतः सांगितलं: "झोप जाते. मग मी खिडक्या लावायला लागतो." खिडक्यांचं मला इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं. तुम्ही त्याला खोलीत बसवूनच ते पान भरायला लावलंत, तो बरा असताना. त्याच्याबद्दलचं पान त्याच्या पाठीमागे लिहायचं नाही, यावर तुम्ही अडून बसलात. पुढे झोप बिघडली तेव्हा त्यानंच ते पान काढून माझ्यासमोर ठेवलं आणि आम्ही डॉक्टरांची वेळ लवकर घेतली.

पहिल्या काही वेळा मी बाहेर पडायचे आणि कोपऱ्यावरून परत यायचे. तुम्हाला कळलं तेव्हा म्हणालात, पुढच्या वेळी कुठे जाणार ते आधी सांगून जा. मी ग्रंथालयाचं नाव सांगितलं. आणि गेले.

त्या बाईंच्या मुलीबद्दलही सांगायला हवं. तिला बोलता येत नाही, पण तक्त्यावरच्या चित्रांकडे नजर वळवून ती सगळं सांगते, आणि मी चुकीचं चित्र ओळखलं की हसते. मनाचा आजार आणि शरीराचं अपंगत्व यांचे गट वेगवेगळे हवेत, असं काहींचं म्हणणं असतं. उपचारांच्या माहितीपुरतं ते खरं असेल. रात्री दोन वाजता जागं असण्यात मला काही फरक दिसला नाही.

एक गोष्ट राहिली, ती मोठी आहे. तुम्ही आम्हा तिघांना, म्हणजे मला, मुलाच्या वडिलांना आणि मुलीला, वेगवेगळं बसवून काळजी घेणाऱ्यावरचं ओझं मोजणारी एक प्रश्नावली भरून घेतलीत. स्टीव्हन झारिट यांच्या १९८० च्या कामातून ती आली, मुळात स्मृतिभ्रंश झालेल्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी. सध्याच्या रूपात २२ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार, म्हणजे बेरीज जास्तीत जास्त ८८. मला खात्री होती की घरात सगळ्यात मोठी बेरीज माझी. निघाली मुलीची. ती दुसऱ्या घरी राहते, फोनवर नेहमी हसून बोलते, आणि 'पुढे काय होईल' या भीतीचा प्रश्न आला तिथे तिनं चारवर गोल केला होता.

तुम्ही तिला म्हणालात, "तू त्याची दुसरी आई व्हायचं नाहीस. बहीण राहिलीस तरी पुष्कळ आहे." मग आम्ही कामं वाटली: पैशाच्या व्यवहारावर ती लक्ष ठेवेल, रोजचं राहणं तिच्याकडे नसेल, त्यासाठी वेगळी सोय आम्ही दोघं असतानाच उभी करायची. ते काम अर्धवट आहे आणि अवघड आहे. पण आमच्यानंतर कोण, हा प्रश्न आता आम्ही तिच्यादेखत बोलतो, आधी तो तिच्यावर न बोलता टाकलेला होता.

सगळं छान झालं, असा या पत्राचा अर्थ कुणी काढू नये. मधे एकदा त्याला दाखल करावं लागलं. गटातली दोन घरं येईनाशी झाली, एकानं तर रागावून. अदलाबदल सगळ्यांना जमत नाही. ज्यांच्याकडे मारहाणीची भीती आहे त्यांना त्याहून भक्कम, कायमची व्यवस्था लागते, आणि ती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चांगुलपणावर सोडून देणं मला मान्य नाही. तुम्हालाही नाही, त्यासाठी तुम्ही वरिष्ठांशी भांडता हे मला बाहेरून कळलं आहे.

आता नवीन कुटुंबांसाठी पान भरून घ्यायचं काम तुम्ही माझ्याकडे सोपवलं आहेत. परवा एक वडील आले होते, मुलाच्या आजाराची पूर्ण फाईल घेऊन. त्याला काय आवडतं, हे मी विचारल्यावर ते बराच वेळ आठवत बसले. मी त्यांचं कौतुक केलं नाही. आठवड्याचे तास विचारले.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
गटातली एक आई

ता. क. पत्र मुलाला वाचून दाखवलं. दोन वाक्यं त्यानं काढायला लावली, खिडक्यांचं राहू दिलं. सिगारेट सोडण्याचं श्रेय मात्र तुम्हाला द्यायला त्याची हरकत आहे. त्याचं म्हणणं, डोस डॉक्टरांनी बदलला, फोन आईनं केला, ताईंनी माहिती दिली. सिगारेट मी सोडली.