तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना

प्रिय काकू,
सा. न.

तुम्ही नाशिकला मुलाकडे गेल्याला चार महिने झाले. फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही विषयच बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. माझा मॉन्स्टेरा अल्बो, हिरव्या-पांढऱ्या पानांचा तो वेल, जगला तो तुमच्यामुळे.

गेल्या वर्षी पावसाळ्यात मी तो आणला. लाल मातीत लावलेला, हॉलच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेला, आणि मी हौसेनं रोज पाणी घालत होते. ऑगस्टमध्ये तुम्ही डबा परत द्यायला आलात, कुंडीशी वाकून वास घेतलात आणि म्हणालात, "मुळं कुजलीत गं. पेपर अंथर." काळी, लिबलिबीत मुळं कापून तुम्ही पांढरी, टणक तेवढी ठेवलीत. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (हलके पांढरे खडे), नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि थोडा कोळसा असं मिश्रण तुमच्याच घरून आलं. दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या जंगलात हा वेल मोठ्या झाडांना धरून वर चढतो, त्याच्या मुळांना हवा लागते, चिखल नको, हे तुम्ही हात मातीत असतानाच सांगितलंत. तेव्हापासून बोटाची दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच पाणी. कुंडी पूर्वेच्या खिडकीत गेली.

पण खरे उपकार पुढचे. मार्चपासून ओळीनं तीन पानं आली, तिन्ही पांढरीशुभ्र. मी फोटो काढत सुटले. तुम्ही मात्र गप्प झालात. "ही पानं कमवत नाहीत, नुसती खातात," म्हणालात. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नाही, त्यामुळे तो अन्न तयार करत नाही. खालची चार हिरवट पानं सगळा संसार ओढत होती. मग नखानं खोडावरची रेघ दाखवलीत. या झाडात दोन तऱ्हेच्या पेशी शेजारी शेजारी वाढतात, आणि डोळा, म्हणजे खोडावर कोंब फुटतो ती जागा, ज्या रंगाच्या बाजूला असतो तसा पुढचा फुटवा निघतो. पांढरा आणि हिरवा पट्टा जिथे एकत्र दिसतो, त्या डोळ्याच्या वर कापायचं. फुटवा निव्वळ हिरवा आला तरी हेच, नाहीतर तोच जोर धरतो.

मला कापवेना. दोन दिवस टाळलं. तुम्ही एकदाही घाई केली नाहीत. तिसऱ्या दिवशी स्पिरिटनं पुसलेलं ब्लेड घेऊन आलात आणि कापायला मलाच लावलंत. हातमोजे आधी दिलेत, कारण हे अळू-सुरणाच्याच कुळातलं, चीक लागला की तशीच खाज. घरात रांगणारं मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवा, हे तुम्ही प्रत्येकाला सांगायचात. मीही आता सांगते.

सहा आठवडे नुसतं खोड होतं. मी रोज बघायचे आणि रोज तुम्हाला विचारायचे. तुम्ही रोज तितक्याच शांतपणे "येईल" म्हणायचात. डोळा फुगला, तेव्हा तुमचं सामान बांधून झालं होतं. तरी तुम्ही जिना चढून बघायला आलात.

आज सकाळी त्या फुटव्याचं चौथं पान उलगडलं. निम्मं हिरवं, निम्मं पांढरं, मधे दोन खाचा. खालच्या एका डोळ्याचं कलम पाण्यात ठेवलं होतं, त्याला बोटभर मुळं आली आहेत. ते तुमचं आहे. दिवाळीला याल तेव्हा न्यायचं.

तुमची,
वरच्या मजल्यावरची