तळं नको, टब पुरे

पुणे,
१२ नोव्हेंबर

ती. आई आणि ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, विहिरीपलीकडे बदकांसाठी तळं खणायला गडी सांगितलाय, असं आईकडून कळलं. आधी त्याला थांबवा. बदकं पाळायला माझी ना नाही, उलट तुमच्या परसात ती कोंबड्यांपेक्षा सोपी जातील. पण तळं मात्र नको. आपल्या जांभ्यात पाणी ठरत नाही, म्हणजे खाली प्लास्टिक किंवा सिमेंट आलं. ते केलंत की त्यातून पाणी बाहेर जायची वाट बंद. सहा बदकं दिवसभर त्यातच खाणार, त्यातच शिटणार. आठवडाभरात पाण्याचा हिरवा काढा होतो. वैशाखात पाणी आटून तळाशी पाला कुजला, त्यात एखादा उंदीर-बेडूक मेला, की बोट्युलिझमचं विष तयार होतं. त्या चिखलातले किडे बदकं आवडीनं खातात. मग आधी पाय जातात, नंतर मान लुळी पडून जमिनीला टेकते, आणि दवाखान्यापर्यंत पोचेतो बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

बदकाला पोहायला पाणी नसलं तरी चालतं. चोच, नाकपुड्या आणि डोळे बुडतील एवढं मात्र हवंच. उथळ ताटलीत पाणी ठेवलं तर नाकात खाद्याचा चिखल बसतो, डोळ्यांच्या कडेला फेस येतो आणि मग पापणी चिकटते. पाण्याशी उभं राहून बघा: बदक डोकं बुडवतं, झटक्यानं वर काढतं, पाणी पाठीवरून ओघळू देतं, मग मान मागे वळवून शेपटीच्या मुळाशी चोच घासतं. तिथे तेलाची गाठ असते. ते तेल चोचीनं पिसांना लावलं की पाऊस अंगावरून निथळून जातो. हे सगळं सात-आठ इंच पाण्यात होतं.

तेव्हा एक रुंद प्लास्टिकचा टब घ्या, साठेक लिटरचा, एक फुटाहून खोल नको. आत एका बाजूला दोन चिरे पायरीसारखे ठेवा, बाहेर यायला. तळाशी भोक पाडून दीड इंची पाइप आणि व्हॉल्व्ह बसवून घ्या. हे काम प्लंबरकडूनच करून घ्या, कारण पाण्यानं भरलेला टब तुम्ही दोघांनी कलंडायचा नाहीये. टब पोफळींच्या वरच्या अंगाला, दोन चिऱ्यांच्या उंचीवर ठेवलात की रोज सकाळी व्हॉल्व्ह फिरवायचा, घाण पाणी आपसूक आळ्यांत जाईल. एकाच झाडाला रोज नको, पाइपचं तोंड फिरवत राहा. टबाभोवती दोन-तीन फूट खडी पसरा. ती नसली तर तीन दिवसांत तिथे चिखल होतो, बदकं त्यात चोची खुपसून खड्डे पाडतात, आणि तेच पाय घेऊन खुराड्यात शिरतात.

खरी काळजी खुराड्याची घ्यायला हवी. बदक पाण्यातलं म्हणून त्याला ओलं चालतं, हा समज फार जणांना नडतो. रात्री अंगाखाली कोरडंच लागतं. ओल्या तुसातून अमोनिया सुटतो, डोळे झोंबतात, तळपायाला गळू होतं. म्हणून कोंबड्यांच्या खुराड्यात त्यांना घालू नका. बदकं सगळं ओलं करतील आणि कोंबड्या आजारी पडतील. सहा बदकांना सहा बाय चार फुटांचं खुराडं पुरे. चिऱ्याचं जोतं फूटभर, त्यावर कोबा, कोब्याला दाराकडे थोडा उतार. चढायला चार फूट लांबीची फळी, तिच्यावर आडव्या पट्ट्या. कोंबडीसारखी शिडी बदक चढत नाही. दार दीड फूट तरी रुंद ठेवा, सगळी एकदमच घुसतात आणि अरुंद दारात पाय मुरगळतात. मागची एक बाजू अख्खी उघडणारी करा, म्हणजे आईला वाकून आत शिरावं लागणार नाही, उभ्यानंच फावड्यानं तूस ओढता येईल.

आत भातगिरणीतलं तूस चार इंच घालायचं, आणि रोज ओल दिसेल तिथे घमेलंभर नवं टाकायचं. पावसाळ्यात महिन्याला, एरवी दोन-तीन महिन्यांनी सगळं काढून माडांच्या मुळाशी. पेंढाही चालतो, पण आषाढात तो बुरसतो आणि त्या बुरशीची धूळ फुप्फुसात जाते. वारा खेळायला छपराखाली, बदकांच्या डोक्यावर येईल अशी जाळीची पट्टी सोडा.

जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली आणा. कोंबड्यांची षट्कोनी जाळी बदकांना आत ठेवते, पण मुंगसाला किंवा कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. गडग्याच्या फटींतून मुंगूस येणारच, रात्री उदमांजर आणि कोल्हा, आणि बागेतला अजगर तर तुम्हाला ठाऊकच आहे. दाराला नुसती कडी नको, कडीत खिळा किंवा कुलूप अडकवा. तिन्हीसांजेच्या आत बदकं आत गेलीच पाहिजेत. त्यांच्यामागे धावायचं नाही. एक बदक पकडायला गेलात तर सहाही बिथरतात. दोन्ही हातांत काठ्या आडव्या धरून मागून सावकाश चालत या, कळप एकत्रच पुढे सरकतो. खुराड्याच्या दाराशी रोज मूठभर भिजवलेलं भात टाकलंत तर आठवड्यात ती आपली आपण येतील.

आता बदकं कोणती. अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल. इंग्लंडातल्या ग्लॉस्टरशायरच्या कॅम्पबेल नावाच्या बाईंनी १९००च्या आसपास रनर जातीच्या बदकांशी संकर करून ही जात काढली. चांगली निगा असली तर मादी वर्षाला अडीचशे ते तीनशे अंडी देते, वजन दोन किलोच्या आसपास, आणि उडत नाही, त्यामुळे अडीच फुटी कुंपण पुरतं. एकच गोष्ट तिला जमत नाही, ती खुडूक बसत नाही. पुढेमागे पिल्लं हवीच असली तर आपली गावठी खुडूक कोंबडी आठ-दहा अंड्यांवर बसवायची आणि २८ दिवस धीर धरायचा, कोंबडीच्या २१ दिवसांवर आणखी एक आठवडा. आणि हो, पिल्लांसाठी मग नरही लागेल, पाच-सहा माद्यांना एक.

पण यंदा नर नको आणि पिल्लंही नकोत. नराशिवाय अंडी मिळतातच, आणि नर जास्त झाले तर माद्यांच्या मानेवरची पिसं उपटून टाकतात. दिवसाची पिल्लं आणलीत तर पहिल्या आठवड्यात ३२ अंशांची ऊब, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी, महिनाभर बल्बापाशी जागरण. शिवाय बदकाच्या पिल्लाला नायसिन (एक ब जीवनसत्त्व) कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागतं. नुसत्या कोंबडीच्या खाद्यावर वाढवलं तर पाय फेंगडे होतात. आठ-दहा आठवड्यांची, पिसं पूर्ण भरलेली घ्या. मादी ओळखायला बदक हातात उचलून धरा: खणखणीत ‘क्वॅक क्वॅक’ ओरडली तर मादी, घशात घोगरं फुसफुसला तर नर. शेपटीवरचं कुरळं पीस नराला नंतर येतं, त्याची वाट बघू नका. उचलताना पाय कधीच धरायचा नाही, चटकन निखळतो. दोन्ही हातांनी पंखांसकट अंग धरून काखेत घ्यायचं. विकणाऱ्याला डक प्लेग आणि डक कॉलराची लस झाली का, तारीख काय, हे विचारा. झाली नसली तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून करून घ्या, आणि नव्या बदकांना पंधरा दिवस वेगळी ठेवा.

खायला अंडी देणाऱ्या बदकाला दिवसाला सव्वाशे ते दीडशे ग्रॅम, म्हणजे सहांना पाऊण ते एक किलो. दिवसभर बागेत गोगलगायी, गांडुळं, वाळवी वेचतात, त्यातून थोडं वाचतं. अंड्यांवरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य चालेल, पण कोरडा भुगा कधीच नको. बदक तोंडभर कोंबतं, तो घशात चिकटतो आणि मग ते मान ताणत पाण्याकडे पळतं. पाणी घालून इतकं भिजवा की मुठीत वळलं तर गोळा व्हावा आणि बोटानं टोचलं तर फुटावा. सकाळी आणि दुपारी उशिरा, दोन वेळा. तासाभरात संपेल एवढंच. उरलं तर उचला, आपल्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत ते आंबतं. खाद्य ठेवाल तिथे पाणी हाताशी हवंच. तसंच उलट, रात्री खुराड्यात पाणी नाही म्हणून खाद्यही नाही. चैत्र-वैशाखात मात्र एका कोपऱ्यात जाळीच्या चौकटीवर बादली ठेवा.

आई, तिसऱ्यांचे शिंपले टाकू नकोस. उन्हात वाळवून जाडसर कुटून वेगळ्या वाडग्यात ठेव, ज्या मादीला हवं ती खाते. मऊ कवचाची अंडी यायला लागली तर आधी तो वाडगा रिकामा आहे का बघ. सुकट आणि खारवलेल्या मासळीचं डोकं मात्र देऊ नकोस; मिठानं बदक मरतं. देणारच असशील तर रात्रभर पाण्यात ठेवून दोनदा पाणी बदल. उरलेला भात, भाजीची देठं, कोंडा चालतो.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. बुरशी. मका आणि शेंगदाण्याची पेंड ओलीला आली की अफ्लाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष होतं, आणि त्याला बदकाइतकं हळवं पाळीव पाखरू दुसरं क्वचितच असेल. कोंबडी ज्या खाद्यावर नुसती सुस्त होईल त्यावर बदकाचं यकृत जातं. १९६० साली इंग्लंडात लाखभर टर्की आणि त्यांच्या जोडीला बदकांची पिल्लंही अशीच मेली. कारण निघालं ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड, आणि त्याच तपासातून हे विष सापडलं. उन्हात वाळवलं, उकळलं, तरी ते जात नाही. वरची बुरशी काढून खालचं घालायचं हा काटकसरीपणा इथे नको. कुबट वास आला, गुठळी दिसली, की अख्खं पोतं खड्ड्यात. म्हणून ५० किलोचं पोतं आणू नका, दोन महिने पुरतं आणि जून ते सप्टेंबर तेवढ्यात नक्की बिघडतं. शेजाऱ्यांबरोबर वाटून पंधरा-वीस किलो घ्या. झाकणाच्या पत्र्याच्या ड्रममध्ये, विटांवर, भिंतीपासून वीतभर दूर. ड्रम बंद राहिला की उंदीरही येत नाहीत, आणि आपल्याकडे उंदीर म्हणजे लेप्टोचा ताप, हे वेगळं सांगायला नको.

अंडी पहाटे ते सकाळी आठपर्यंत पडतात, तेव्हा साडेआठ-नऊच्या आधी दार उघडू नका, नाहीतर बाबांना पोफळीत अंडी शोधत फिरावं लागेल. अंडं धुवायचं नाही, कोरड्या फडक्यानं पुसायचं. धुतलं की वरचा पातळ थर जातो आणि घाण आत झिरपते. बाबा, तुमचं हाफ-बॉइल कोंबडीच्या अंड्याचंच करा. बदकाच्या अंड्यात साल्मोनेला जंतूची भीती जास्त, ते पिवळ्यासकट घट्ट होईपर्यंत उकडायचं.

एखादी मादी शेपटी खाली घालून कुंथत उभी दिसली तर अंडं अडकलंय. कोमट पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं बसवा, नाही सुटलं तर त्याच दिवशी दवाखाना. आणि दोन-तीन बदकं अचानक मेली तर हात लावू नका, खड्डाही खणू नका, आधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. २००६ला नवापूरला कोंबड्यांत आलेला बर्ड फ्लू तुम्हाला आठवत असेल. २०१४ला केरळच्या कुट्टनाडात तो बदकांतच आला होता. बदक कधी कधी स्वतः धडधाकट दिसतं आणि कोंबड्यांना देतं, म्हणूनही दोघांचं खाणं-पिणं वेगळं ठेवा.

गड्याला आता खड्ड्याऐवजी जोत्याचं काम द्या. टब ठेवायच्या जागी आधी दोन बादल्या पाणी ओतून बघा. ते पोफळींकडे जातं की न्हाणीकडे वळतं, तेवढं रविवारच्या आत कळवा, म्हणजे पाइप किती फूट लागेल ते मी इथून सांगते.

तुमची,
धाकटी