बारा तारांचा उद्योग

प्रिय पक्या,

फोनवर सांगितलं असतं तर आधी हसला असतास आणि मग शिव्या घातल्या असत्यास, म्हणून लिहूनच टाकतो. बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार घेतली. हातात न धरता, ऑनलाइन.

हो माहितीये, चप्पलसुद्धा घालून बघतो आपण. पण ठाण्यात बघायची कुठे सांग ना? गोखले रोडपासून विचारत सुटलो, फार तर बारा तारांची अकूस्टिक दाखवतात. एका दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, सहा तारांना कोरस पेडल लावा, सेम येतं." काका!! आणि सेम कसलं डोंबल. कोरस तोच सूर जरासा मागेपुढे हलवतं. इथे बारा तारांच्या सहा जोड्या, जाड चार तारांच्या शेजारी एक सप्तक वरची तार असते, वरच्या दोन जोड्या तेवढ्या एकाच सुरात, आणि ती सगळी चमक त्या सप्तकातून येते. १९६४ साली बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या हातात बारा तारांची रिकनबॅकर कंपनीची गिटार आली तेव्हापासूनचा तो खणखणाट रे. (माझी रिकनबॅकर नाही, घाबरू नकोस, घर अजून माझंच आहे.)

चार रात्री व्हिडिओ ऐकले आणि ऑर्डर टाकली. पण व्हिडिओत गळा किती अरुंद ते थोडंच ऐकू येतं! नटपाशी, म्हणजे गळ्याच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपाशी, ४३ मिलिमीटर, म्हणजे सहा तारांच्या गिटारएवढीच जागा आणि त्यात बारा. ए मेजर कॉर्ड धरला की तीन बोटं, सहा तारा, एकच फ्रेट (दोन पट्ट्यांमधला खण), सकाळी फास्ट लोकलच्या दारात असतं तसं, आणि माझी बोटं तर तुला माहितीयेत, भेंडीसारखी. एकतरी तार बदकन मरतेच. त्यात डोक्याला बारा खुंट्या, हात सोडला की गिटार जमिनीकडे निघते.

पहिल्याच दिवशी तिसऱ्या जोडीतली बारीक 'जी' सुराची तार तटकन तुटली. ती वरच्या ई पेक्षाही वर चढवायची असते, त्यामुळे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात आधी जाणारी तीच. दुसरी घातली, अर्धा तास पिळत बसलो, तर आतून आई, "तानपुरा लावतोयस का रे? जोड अजून जुळली नाही तुझी." ट्यूनरवर हिरवा दिवा होता! कान लावला तर खरंच, वांव वांव अशी लाट येत होती. केसभर खुंटी फिरवली, लाट थांबली, मग नुसता मोकळा डी वाजवला आणि पक्या, आई हातातलं निवडणं सोडून दारात येऊन उभी राहिली.

म्हणून अडकलोय. सोमवारपर्यंत परत करता येते. बायको काही बोलत नाहीये, म्हणजे बघ.

शनिवारी ये. तुझी बोटं बारीक आहेत, तुला ए जमतो का बघू, तुलाही नाही जमला तर खोक्यात घालू. आणि येताना .००८ इंच जाडीच्या दोन सुट्या तारा आण, माझ्याकडची शेवटची आत्ताच गेली.

तुझा,
काका