‘जुळतो’ असे दाखवून विकलेला प्रोसेसर परत घेऊन रक्कम मिळण्याबाबत

सांगली
दिनांक : २४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन विक्री विभाग

विषय : आय५-८४०० प्रोसेसरची परतफेड नाकारल्याबद्दल तक्रार

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी इंटेलचा आय५-८४०० प्रोसेसर मागवला होता. माझे नाव, पत्ता आणि ऑर्डर क्रमांक सोबतच्या बिलावर आहेत. हा प्रोसेसर माझ्या संगणकावर चालत नाही. माल खराब निघाला असे मी म्हणत नाही. योग्य मदरबोर्डावर (पुढे नुसते ‘बोर्ड’) तो चालेलही. तक्रार आहे ती आपल्या संकेतस्थळाने दिलेल्या चुकीच्या उत्तराबद्दल आणि त्यानंतर आपण झटकलेल्या हातांबद्दल.

माझे डीटीपीचे छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुके, शाळांचे अहवाल अशी कामे मी एकटीच करते. संगणक २०१६ सालचा : एच११० चिपसेटचा (म्हणजे प्रोसेसर आणि बाकीचे भाग यांच्यातला व्यवहार सांभाळणाऱ्या चिपचा) बोर्ड, आय३-६१०० प्रोसेसर आणि डीडीआर४ रॅम. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलचा, काही मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आय५-८४०० आठव्या पिढीचा, शिवाय दोनऐवजी सहा कोअरचा. म्हणून तो पाहिला.

आपल्या पानावर किमतीच्या खाली ‘तुमच्या संगणकाशी जुळतो का?’ अशी चौकट आहे. तिथे आधी बोर्डाची कंपनी निवडायला सांगतात, मग मॉडेल. माझे मॉडेल यादीत होते आणि त्याच्या नावातच एच११० लिहिलेले होते. ते निवडल्यावर हिरवी खूण आली : ‘जुळतो – सॉकेट एलजीए ११५१’. सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा. त्या स्क्रीनचा फोटो सोबत आहे. ती खूण पाहूनच मी पैसे भरले.

आमच्या नेहमीच्या हार्डवेअरवाल्याने प्रोसेसर बसवला. बसला अगदी बिनतक्रार. खाच जुळली, लिव्हर खाली आली, थर्मल पेस्ट लावून पंखा चढवला. बटण दाबल्यावर पंखा फिरला, पण स्क्रीन काळीच राहिली. त्याने रॅमच्या पट्ट्या बदलून पाहिल्या, बोर्डावरचा सेल काढून बायोस (संगणक सुरू करणारा बोर्डातला मूळ प्रोग्राम) रिसेट केला, सॉकेटमधल्या पिना बॅटरी लावून तपासल्या. शेवटी जुना आय३ परत बसवला, तर विंडोज लगेच सुरू. म्हणजे बोर्ड शाबूत आहे.

कारण गुपित नाही. सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरना सॉकेटचे नाव एकच, एलजीए ११५१. खाचाही त्याच जागी. पण ऑक्टोबर २०१७ मध्ये आठवी पिढी आली तेव्हा इंटेलने काही पिनांचे काम बदलले. आधी राखीव ठेवलेल्या पिना वीजपुरवठ्याला दिल्या. त्या पिढीसाठी ३०० मालिकेचा चिपसेट लागतो : एच३१०, बी३६०, झेड३७० वगैरे. एच११० हा १०० मालिकेतला. माझ्या बोर्डाच्या कंपनीच्या पानावर चालणाऱ्या प्रोसेसरची यादी आहे, ती सातव्या पिढीपाशी संपते. आपल्या चौकटीने फक्त सॉकेटचे नाव ताडले आणि मोकळी झाली.

आता आपल्याकडून आलेल्या उत्तरांकडे वळते.

पहिले उत्तर : बायोस अपडेट करा. या बोर्डावर सातव्या पिढीचा प्रोसेसर बसवायचा असता तर हा सल्ला बरोबर ठरला असता, आणि तोही जुना प्रोसेसर काढण्याआधी दिला असता तर. आठव्या पिढीसाठी माझ्या बोर्डाच्या कंपनीने बायोस काढलेलाच नाही. मग करू काय अपडेट?

दुसरे उत्तर ऐकून मी थक्क झाले. आपल्या प्रतिनिधीने मला एका व्हिडिओची लिंक पाठवली. त्यात एक गृहस्थ प्रोसेसरच्या खालच्या, सॉकेटमधल्या पिना जिथे टेकतात त्या, काही टिकल्यांवर चिकटपट्टी लावतो, दोन टिकल्या एकमेकींना जोडतो आणि कुणीतरी घरी बदललेला बायोस बोर्डात घालतो. हौशी लोक असले प्रयोग करतात हे मलाही ठाऊक आहे. पण बिल देऊन माल विकणाऱ्या कंपनीने ग्राहकाला हे सुचवावे? उद्या बोर्ड जळला तर आपली एक वर्षाची वॉरंटी तो भरून देणार आहे का? त्या संभाषणाची प्रतही जोडली आहे.

तिसरे उत्तर लेखी आहे : ‘सुसंगतता तपासणे ही ग्राहकाची जबाबदारी असून सील उघडल्यामुळे परतावा देता येणार नाही.’ अहो, तपासण्याची सोय आपणच दिलीत. बोर्डाचे नाव आपणच विचारलेत, उत्तरही आपणच दिलेत. मॉडेल विचारायचे, ‘जुळतो’ म्हणायचे आणि पैसे घेतल्यावर जबाबदारी ग्राहकाच्या गळ्यात मारायची, हे चालणार नाही. राहिला प्रश्न सीलचा. पाकीट न फोडता प्रोसेसर सॉकेटमध्ये कसा बसवतात, ते एकदा कळवावे.

यात तोटा आपलाच झाला आहे. ‘विंडोज ११ साठी हा बोर्डही बदलावा लागेल’ एवढे खरे सांगितले असते, तर ३०० मालिकेचा बोर्ड मी आपल्याकडूनच घेतला असता. माझी डीडीआर४ रॅम तिथे चालली असती. तुळशीची लग्ने लागली की पत्रिकांची घाई सुरू होते, तेव्हा चार दुकाने हिंडायला मला तरी कुठे सवड आहे?

माझ्या मागण्या अशा. प्रोसेसरची पूर्ण किंमत आणि घरपोच पाठवणीचा आकार परत करावा. माल परत नेण्याचा खर्च आपण करावा. हार्डवेअरवाल्याला दिलेली मजुरी भरून द्यावी. त्याची पावती जोडली आहे. आणि ती चौकट एक तर दुरुस्त करावी, चिपसेट आणि बायोसची आवृत्ती धरून, नाही तर काढून टाकावी. माझ्यासारखे जुने एच११० वापरणारे पुष्कळ असतील, आणि सध्या त्या सगळ्यांपुढे विंडोजचा हाच प्रश्न आहे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे आपण तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एक महिन्याच्या आत तिचे निवारण करायचे असते. जाहिरातीत सांगितलेले गुण नसलेला माल परत घ्यायला नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. दुकानासाठी घेतले म्हणजे मी ग्राहक नाही, असा मुद्दा कुणी काढू नये : स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने व्यापारी हेतूतून वगळली आहे. मुदतीत उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून मी सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यात दावा दाखल करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवर शुल्क लागत नाही.

प्रोसेसर मूळ पाकिटात, थर्मल पेस्ट पुसून, जपून ठेवला आहे. माणूस कधी पाठवता ते आदल्या दिवशी कळवावे. दुकान सकाळी दहानंतर उघडे असते.

आपली,
एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, ‘जुळतो’ दाखवणाऱ्या स्क्रीनचा फोटो, प्रतिनिधीशी झालेले संभाषण, परतावा नाकारणारा ई-मेल, मजुरीची पावती, बोर्डाच्या कंपनीची प्रोसेसर यादी.